सात फोल्डर

नकाशांच्या खोलीत अकरा कॉम्प्युटर,
त्यातले नऊ चालतात.
दहावा चक्कीसारखा घरघरतो, म्हणून खिडकीपाशी.
अकराव्याचं पोट उघडंच ठेवलंय,
आत काय असतं ते दाखवायला.

कोचकोरमध्ये जुलै म्हणजे गाव ओस.
मेंढ्या, घोडे, म्हाताऱ्या, चुली, सगळं वर कुरणांवर.
ही पोरं तेवढी दहा दिवसांसाठी खाली आलीत,
कुणाच्या तरी ट्रकमध्ये, लोकरीच्या पोत्यांवर बसून.
खोलीला घोड्याच्या घामाचा वास येतो.
मला चालतो.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली.
ही तार त्या भोकात, एवढंच माझं शिक्षण.
तरी मुख्याध्यापक म्हणाले,
"झाइनागुल ताई, तुम्हाला यंत्राची भीती नाही."
भीती आहे.
हात थरथरत नाहीत, एवढंच.

सगळ्यांच्या खिशात फोन,
म्हणून पहिल्या दिवशी सगळे पडद्यालाच बोटं लावत होते.
पडदा ढिम्म.
एर्केबुलाननं तर एक टिचकी मारून पाहिली,
अडेल खेचराला मारावी तशी.

रोज तीनला वीज जाते.
पहिल्या दिवशी बारा जणांचे बारा निबंध गेले.
तेव्हापासून "सेव्ह केलं का?" हा माझा जप,
आणि पोरं माझ्यामागे माझीच नक्कल करतात,
मान डोलवून.

आज फोल्डर.
म्हटलं, पेटीत पेटी, तिच्यात आणखी एक पेटी.
चेहरे कोरे.
मग म्हटलं, बरं, तुमच्या सात पिढ्या सांगा.
एर्केबुलान ताडकन उभाच राहिला,
आमच्याकडे हे पोर बोलायला लागलं की पाठ करून घेतात:
मेलिस, ओरोझबेक, जुमाली, सात्यबाल्दी,
कुबात, तेलेके, बोरोंबाय.
बस आता, म्हटलं, आणि बांध.
सगळ्यात बाहेर बोरोंबाय, त्याच्या पोटात तेलेके,
असं करत करत मेलिसपर्यंत आला
आणि मेलिसच्या आत त्यानं स्वतःची एक फाइल ठेवली,
रिकामी, नुसती नावाची.
वर पट्टीत अख्खं घराणं एका ओळीत.
पोरं खुर्च्या सोडून त्याच्याभोवती.

मागून सेझिम म्हणाली,
"आईला कुठे ठेवायचं?"

उद्धटपणे नाही. खरंच विचारत होती,
प्रिंटरचा कागद कुठे ठेवायचा, असं विचारावं तसं.
मेलिसच्या आत? एर्केबुलान म्हणाला, छे.
मग बाहेर?
बाहेर म्हणजे कुठे?
मी खडू हातात धरून उभी.

तिनं वाट पाहिली नाही.
मोकळ्या पडद्यावर, कशाच्याच आत नाही असं
नवीन फोल्डर केलं, आणि नाव लिहायला लागली: ब्यूब्यूकान.
दुसऱ्याच अक्षराला अडली.
ओठांचा चंबू करून म्हणतो ते आमचं अक्षर,
बेचक्यासारखं दिसणारं,
रशियन कीबोर्डावर त्याची कळच नाही.
आणि आईच्या नावात ते दोनदा.

उजवीकडची आल्ट दाबून धर, मी म्हटलं,
सोडू नको, आता उ.
उमटलं.
पुन्हा.
पुन्हा उमटलं.
"आता तिची आई," सेझिम म्हणाली, ते लिहिलं.
"आता तिची—"
आणि थांबली.

मग थांबणं सगळ्या खोलीत पसरलं.
पाच-सहा जण फोन घेऊन बाहेर पळाले,
स्मशानामागच्या टेकाडावर तेवढी रेंज येते.
वर कुरणात कुणी उचलेल न उचलेल,
आजी दूध काढत असेल, किंवा बॅटरी संपली असेल.
एर्केबुलानही गेला, सगळ्यात शेवटी,
आधी चालत, मग धावत.

मी खुर्चीत बसले.
तीस वर्षं नाव विचारून माणसं जोडून दिली.
माझ्या आजीची आई कोण?
"काळी मामी" म्हणायचे तिला.
ते नाव नव्हे.

नऊ पडद्यांवर नऊ नवीन फोल्डर,
नावाच्या जागी कर्सर लुकलुकतोय.
घड्याळात अडीच होऊन गेलेत.
मी खिडकी उघडून टेकाडाकडे ओरडले,
काहीही मिळालं तरी या रे,
अर्धं नाव मिळालं तरी या,
आधी सेव्ह करा.